स्टीव्हिया: कळी दिसली की कात्री घ्या

स्टीव्हिया म्हणजे गोड पानांचं झाड, साखरेऐवजी त्याचा पाला वापरतात. पहिल्या वर्षी माझ्या स्टीव्हियाला फुलं आली तेव्हा मी कौतुकानं सगळ्यांना बोलावून दाखवली. पांढरी, बारीक, नाजूक. आठवड्यानं चहासाठी पान तोडलं तर गोडी पातळ आणि मागून कडवटपणा. भाऊ म्हणाला, "गवत चघळल्यासारखं लागतंय." बरोबरच होतं त्याचं. फुलण्याच्या अगदी आधी पानात गोडी सर्वांत जास्त असते, मग झाडाचा सगळा जोर फुलांकडे जातो. दिवस लहान व्हायला लागले, उजेड साधारण बारा-तेरा तासांच्या खाली आला, की हे झाड कळ्या धरतं. त्या दिवसांत मी रोज सकाळी शेंडे निरखते. मोहरीएवढ्या हिरव्या गाठी दिसल्या की कात्री काढायची, उद्यावर टाकायचं नाही.

पण तिथवर पोचायला आधी रोप जगायला हवं.

बियांच्या नादी लागू नका. स्टीव्हियाला स्वतःच्याच परागानं बी फारसं धरत नाही, त्यामुळे बऱ्याच बिया पोकळ निघतात. फिकट त्या पोकळ, काळपट त्या भरलेल्या. उगवायला त्यांना उजेड लागतो आणि मी शहाणीनं वरून माती दाबली होती. चिमूटभर बियांतून तीन रोपं आली, त्यातलं एकच नीट गोड. ज्या झाडाचं पान चाखून पाहिलंय, त्याचंच छाट कलम घ्यावं. कळ्या नसलेल्या फांदीचा १०-१२ सेंमीचा शेंडा पेराच्या जरा खाली कापायचा, खालची पानं काढून दोन पेरं ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खोचायची, वर पारदर्शक डबा पालथा घालायचा आणि सावलीत ठेवायचं. तीनेक आठवड्यांनी अलगद ओढून बघा. आतून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटलं, की मुळं फुटली.

मूळचं हे पराग्वेतलं, दलदलीच्या कडेच्या वाळूमिश्रित जमिनीतलं झाड. तिथले ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या याचा पाला गोडीसाठी वापरत आले. वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ मोइसेस बेर्तोनी यांनी १८९९ मध्ये केली. मुळं उथळ असतात, म्हणून कोरडं पडलेलं सोसत नाही आणि पाणी साचलं तर कुजतं. माझं एक रोप मलूल दिसलं म्हणून मी वर आणखी तांब्याभर पाणी ओतलं. उपटलं तेव्हा मुळं तपकिरी होती, चिमटीत साल सुटून आली. आता बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून बघते; कोरडं लागलं तरच पाणी. माती, वाळू आणि गांडूळखत असं भुसभुशीत मिश्रण, फूटभर रुंद कुंडी, सहा तास ऊन. रासायनिक नत्राचा मारा नको. पानं टरारतात, पण गोडी कमी पडते. मावा किंवा पांढरी माशी दिसली तर पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. मन होत नाही, कळतं मला. पण खुडल्याखाली दोन फुटवे येतात, त्यांचे खुडले की चार. नाहीतर एकच काडी वर वर जाते आणि वाऱ्यानं मोडते.

कापणी दव उडाल्यावर करायची, बुंध्याचा १० सेंमी भाग राखून. तिथूनच पुन्हा फुटतं. पानं लगेच ओरबाडून घ्या. काड्यांत गोडी कमी, त्या मिसळल्या तर पूड कडवट लागते. वाळवण्यात मात्र घाई हवी. एकदा दमट हवेत मी जुडी बांधून टांगली, चौथ्या दिवशी पानं काळी पडली आणि गोडी निम्मी गेली. आता कापडावर एकेरी थर पसरते, वारा खेळता ठेवते. दीड-दोन दिवसांत पान मुठीत दाबलं की कुरकुर वाजून चुरा होतो. मग मिक्सरमधून फिरवून घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत.

पूड वापरताना हात आखडता ठेवा. कपभर चहाला दोन सुकी पानं पुरतात. पाव चमचा पूड टाकलीत तर ज्येष्ठमधासारखी चव जिभेवर बराच वेळ रेंगाळते. केकमध्ये साखरेच्या जागी नुसती ही चालत नाही: साखरेचं भरीवपण नाही, खमंग तांबूस रंग नाही, यीस्टलाही हिचा उपयोग नाही. आणि बाजारातली पांढरी पावडर वेगळी, ती पानातून काढलेली शुद्ध ग्लायकोसाइड्स, म्हणजे पानाला गोडी देणारी द्रव्यं, साखरेच्या २०० ते ३०० पट गोड. अमेरिकेत २००८ मध्ये आणि युरोपियन युनियनमध्ये २०११ मध्ये मोकळीक मिळाली ती या शुद्ध रूपाला, कच्च्या पाल्याला नव्हे. म्हणून मी दिवसाला चार-पाच पानांपुढे जात नाही. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

तीनेक वर्षांनी झाड दमतं, पानं बारीक येतात. त्याच्या आत, कळ्या धरायच्या आधीच, मी दरवर्षी चार शेंडे काढून कोकोपीटमध्ये खोचून ठेवते. यंदाच्या चारपैकी तीन लागले.