बंदूक नसलेल्या समुद्रात तग कसा धरायचा

‘सबनॉटिका’ सुरू करून दहा मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात भाच्याने विचारलं, "मावशी, यात बंदूक कधी मिळते?" मी म्हटलं, मिळतच नाही. पिस्तूल नाही, मशीनगन नाही, शेवटपर्यंत नाही. तो कंट्रोलर मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसला. हे सगळं त्याच्यासाठी लिहितेय, आणि आजवर गोळ्या झाडायचेच गेम खेळून ४५४६बी या पाण्याच्या ग्रहावर येऊन पडलेल्या प्रत्येकासाठी. मीही तशीच आले होते. समोर काही हललं की बोट आधी ट्रिगरवर जायचं. ती सवय मोडायला मला बरेच दिवस लागले, तुम्हाला कमी लागावेत.

बंदूक का नाही, हे आधी समजून घ्या. हा गेम बनवणाऱ्या अननोन वर्ल्ड्सने त्याआधी ‘नॅचरल सिलेक्शन २’ काढला होता, आणि त्यात बंदुका भरपूर होत्या. तो आला ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी. त्यानंतर दीड महिन्यात, १४ डिसेंबरला, अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत गोळीबार झाला आणि २० मुलं व ६ मोठी माणसं गेली. गेमचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलंड यांनी नंतर सांगितलं की सबनॉटिकात बंदुका न ठेवण्यामागे ही घटना आहे. गेममुळे हिंसा वाढते असं त्यांचं म्हणणं नव्हतं. जगात आणखी बंदुकांची भर आपल्या हातून नको, एवढंच होतं. हे वाचल्यापासून मला या गेमबद्दल वेगळीच माया आहे. गेमच्या कथेतही कारण दिलंय: ऑब्रॅक्सिस प्राइम या ठिकाणी हत्याकांड झालं, त्यानंतर फॅब्रिकेटरच्या (वस्तू बनवणाऱ्या यंत्राच्या) आराखड्यांतून शस्त्रं काढून टाकली. अपवाद एकच, सुरी.

तर सुरीपासून सुरुवात. एक टायटॅनियम आणि एक सिलिकॉन रबर, झाली तयार. ती लगेच बनवा, पण लढायला म्हणून नाही. तिचं खरं काम कापणीचं आहे: क्रीपव्हाइन या उंच समुद्री वनस्पतीचे तुकडे, प्रवाळाचे तुकडे, बिया. पुढे तिला बॅटरी जोडून थर्मोब्लेड केलं की लहान मासा मारताक्षणी शिजतो, आणि लांबच्या सफरीत ते फार कामाला येतं. मोठ्या प्राण्यावर मात्र सुरी चालवण्यात अर्थ नाही. हिशेब साधा आहे. सुरीचा एक वार २० चा, रीपर लेव्हायथन या राक्षसी शिकारी प्राण्याची सहनशक्ती ५०००. म्हणजे अडीचशे वार, आणि तोवर तो गप्प बसणार नाही. बरं, मारलाच तरी हाती काय लागतं? काहीच नाही. गुण नाहीत, लेव्हल नाही, खजिना नाही. हा मुद्दा भाच्याला पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि पटल्यावर त्याचा खेळच बदलला. "मारून फायदा काय?" हा प्रश्न तो आता स्वतःच विचारतो.

उथळ पाण्यात असतानाच दोन प्राण्यांवर सराव करून घ्या.

पहिला क्रॅशफिश. गुहेतल्या सल्फर प्लँटमध्ये दडून बसतो, जवळ गेलात की सुसाट अंगावर येऊन फुटतो. पण त्याच झाडात केव्ह सल्फर असतं आणि त्याशिवाय रिपेअर टूल होत नाही, म्हणून टाळून चालत नाही. त्याला जागं करा आणि लगेच उलट फिरून दूर पळा, जमलं तर खडकाच्या आड. तो रिकाम्या पाण्यात फुटला की परत या आणि सल्फर उचला. गुहेत शिरण्याआधी हवा भरून घ्या. टाकी नसेल तर श्वास ४५ सेकंदांचाच आहे आणि घाबरलेला माणूस बाहेरची वाट चुकतो.

दुसरा स्टॉकर, क्रीपव्हाइनच्या जंगलातला लांब जबड्याचा. माझा सगळ्यात आवडता प्राणी हाच. नवखे त्याला बघून पळतात किंवा सुरी काढतात. तुम्ही जरा उंचावर थांबून त्याच्याकडे बघत बसा. त्याला धातूचं वेड आहे. तळाशी पडलेला जहाजाचा पत्रा तो तोंडात धरतो, थोडं अंतर जाऊन टाकतो, पुन्हा उचलतो, आणि या खटाटोपात कधीकधी त्याचा दात पडतो. तोच दात इनॅमल्ड काचेसाठी लागतो. म्हणजे दात हवा असेल तर मारामारी करायची नाही. चार-पाच पत्रे गोळा करून त्याच्या वाटेत टाकायचे आणि लांब थांबायचं. अंगावर आलाच तर एक पीपर (छोटा मासा) पकडून त्याला द्या. खाऊन झालं की काही वेळ तो तुम्हाला त्रास देत नाही. भाच्याने पहिल्यांदा मासा दिला आणि स्टॉकर त्याच्याभोवती शांतपणे फिरायला लागला, तेव्हा तो खुर्चीवरून उठून स्क्रीनजवळ गेला होता.

खोल पाण्यातली युक्तीही याच जातीची आहे. समोरच्याला काय हवंय, काय दिसतं, काय ऐकू येतं, ते ओळखायचं. मेस्मर तुमच्या पीडीएच्या (हातातल्या छोट्या संगणकाच्या) आवाजात बोलून जवळ बोलावतो. नजर वळवा आणि निघा. क्रॅबस्क्विड विजेचा असा झटका सोडतो की वाहन बंद पडतं. त्याच्या टप्प्यातच जाऊ नका. रीफबॅक मात्र नुसताच अवाढव्य आहे, त्याला घाबरू नका.

आता रीपर, कारण बंदुकीची आठवण खरी तिथेच येते. ऑरोरा या कोसळलेल्या जहाजाच्या मागे, इंजिनांच्या बाजूला पाणी गढूळ आहे, तळ दिसत नाही. मी पहिल्यांदा तिकडे गेले ते नुसत्या सीग्लाइडवर, म्हणजे हातात धरून पोहायच्या यंत्रावर. आधी डरकाळी आली. कुठून ते कळेना, म्हणून मी थांबून गोल फिरून बघत राहिले. हीच चूक. ती डरकाळी म्हणजे त्याचं प्रतिध्वनीने शोधणं आहे. तुम्हाला ती ऐकू येतेय म्हणजे त्याला तुम्ही दिसताय. डरकाळी आली की शोधाशोध नाही, आल्या वाटेने मागे. आणि घरी पोचल्यावर त्या हद्दीपाशी बीकन (पडद्यावर दिसणारी खूण) लावायचं लक्षात ठेवा, पुढच्या वेळी सुरक्षित अंतरावरून. टायटॅनियम आणि तांब्यात होतं, नाव बदलता येतं. माझ्या पडद्यावर अशा तीन बीकनचं नाव ‘नको’ एवढंच आहे. ऑरोरात शिरायचं असेल तर इंजिनांकडून न जाता पुढच्या बाजूने, उथळाला धरून जा.

सीमॉथ ही छोटी पाणबुडी मिळाल्यावर धीर येतो, पण रीपर तीही दोन्ही बाजूंनी पकडून हलवतो. अशा वेळी खाली उडी मारू नका, आतच थांबा. पेरिमिटर डिफेन्सचा भाग बसवला असेल तर झटका द्या, तो सोडतो. सोडलं की मागे न बघता सुटायचं आणि दूर जाऊन रिपेअर टूल काढायचं. सीमॉथला टॉर्पेडोही लावता येतात, भोवरा करणारे आणि वायू सोडणारे. मी ते फारसे वापरत नाही. तेवढा वेळ पळण्यात घालवलेला बरा.

सायक्लॉप्स या मोठ्या पाणबुडीत सगळा खेळ आवाजाचा. पडद्यावरच्या आवाजाच्या मापाकडे डोळा ठेवा, इंजिन सगळ्यात हळू वेगावर घ्या, गरज पडली तर सायलेंट रनिंग (आवाज दाबायची सोय) लावा, पण ते वीज खातं म्हणून लागेल तेवढंच. लेव्हायथन अगदी जवळ आला तर इंजिन बंद करून गप्प बसून राहा. अंधारात, हात आवरून, तो काचेपलीकडून जाईपर्यंत. फार अवघड आहे हे. मी त्या वेळी कंट्रोलर खाली ठेवते. डेकॉय (फसवी आमिषं) भरून ठेवलेले असावेत, सोडलेत की तो त्यांच्या मागे जातो.

राहिली स्टॅसिस रायफल. नावात रायफल असली तरी तिच्यातून गोळी सुटत नाही. तुकडे स्कॅन करून आराखडा मिळवा; बॅटरी, कॉम्प्युटर चिप, मॅग्नेटाइट, टायटॅनियम लागतं. बटण जितका वेळ दाबून धराल तितका बुडबुडा मोठा, आणि त्यात सापडलेला प्राणी जागच्या जागी थिजतो. तुम्हाला मात्र त्यात खुशाल पोहता येतं. बरेचजण इथेच सुरी काढतात आणि अडीचशे वारांचं गणित मांडतात. माझा सल्ला: स्कॅनर काढा आणि त्याची माहिती नोंदवा.

गेल्या आठवड्यात भाच्याबरोबर तेच केलं. रीपर सरळ आमच्यावर येत होता, भाच्याने बटण धरून ठेवलं, "थांब, थांब, अजून जवळ येऊ दे" असं मीच म्हणत होते, आणि सोडल्यावर तो अक्राळविक्राळ प्राणी जबड्याचे चारही आकडे पसरलेल्या अवस्थेत थांबला. इतक्या जवळून त्याची पांढरी कातडी आणि लाल टोकं आम्ही दोघांनीही कधी पाहिली नव्हती. भाचा मोठ्याने सेकंद मोजत होता, मी स्कॅनरचे टक्के वाचत होते. शंभर झाले तसा तो ओरडला, "मावशी, वळ!" आणि आम्ही सीमॉथकडे निघालो.