जुन्या गाडीचा एक्सल बूट घरीच बघा

पुढच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी असेल (माझी अल्टो आहे) तर एक्सलचं रबरी बूट (चाकामागे एक्सलच्या जॉइंटवर असलेलं, आत ग्रीस भरलेलं घड्यांचं कव्हर) फाटलेलं आपल्याला कळतच नाही, ग्रीस उडून जातं, माती आत जाते आणि मग वळताना कटकट आवाज यायला लागला की जॉइंटच बदलावा लागतो. वेळेत दिसलं तर नुसतं बूट आणि ग्रीसवर भागतं.

१. सपाट जागी गाडी बंद करा, हँडब्रेक ओढा, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून ठेवा. जॅक लागत नाही.
२. चाकामागे मोबाईलचा टॉर्च मारा, बुटाच्या घड्या उघडलेल्या दिसतात, बोटाने जरा दाबून बघा, बारीक चीर घडीतच लपते. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं असेल तर समजून जा.
३. दुसऱ्या बाजूला वळवून दुसरं चाक.

मी पावसाळा संपला की बघतो, त्र्यंबक रोडच्या खड्ड्यांनंतर तर हमखास, आणि कसारा घाट उतरून मुंबईला जायचं असेल तर आदल्या आठवड्यातच, आदल्या रात्री कळून उपयोग काय.

फक्त गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर लगेच हात घालू नका, ब्रेक डिस्क जाम तापलेली असते.