दिवाळीच्या फराळातील या चुका टाळा

फराळ बिघडल्याचा पहिला फोन मला दरवर्षी साधारण धनत्रयोदशीच्या दुपारी येतो, आणि आता इतकी वर्षे झाल्यावर मी पलीकडच्या माणसाला बोलू न देता आधी एवढेच विचारते, "चकली विरघळली की अनारसे हसले?" या दोन्हींपैकी एक उत्तर नक्की असते. कढईपाशी उभे राहून त्यावर इलाज शोधला जातो. चूक मात्र बहुतेक वेळा गॅस पेटवण्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

अनारशांची चूक तर चक्क दिनदर्शिकेत असते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, त्यांचे पाणी रोज बदलायचे, मग ते निथळून सावलीत कापडावर पसरायचे, हाताला दमट लागत असतानाच कुटून किंवा मिक्सरमधून काढून बारीक चाळणीने चाळायचे, तितकाच किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून घट्ट गोळे करायचे आणि ते निदान पाच दिवस डब्यात मुरू द्यायचे. हा हिशेब नऊ दिवसांचा होतो. वसुबारसेला तांदूळ भिजत घालून लक्ष्मीपूजनाला अनारसे कसे होतील? मी कोजागरीचे दूध आटोपले की दुसऱ्या दिवशी तांदूळ भिजवते, म्हणजे एखादा दिवस इकडेतिकडे झाला तरी निभावते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत सासूबाई गावी होत्या आणि मी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, दुकानातून आणलेल्या कोरड्या तांदळाच्या पिठीत गूळ कालवून अनारसे करायला बसले. पीठ मिळून येईना म्हणून दूध घातले. पहिला अनारसा तुपात सोडला, तो पसरला, त्याला भोके पडली आणि पाहता पाहता त्याचा नुसता चुरा तरंगू लागला. हेच ते अनारशाचे हसणे. पीठ कोरडे असेल असे समजून मी आणखी दूध घातले, म्हणजे नेमका उलटा उपाय केला, आणि पुढचे चार अनारसे पहिल्यापेक्षा मोठ्याने हसले. खसखस आणि गूळ तळाशी जळून अर्धा किलो साजूक तूप काळे पडले, ते टाकावे लागले. उरलेल्या पिठाची खीर झाली आणि नैवेद्याला पेढे आले. सासूबाई परतल्यावर एवढेच म्हणाल्या, "अगं, कोरड्या पिठीला गूळ धरत नाही."

त्यामुळे अनारसे हसू लागले तर दूध नव्हे, थोडी तांदळाची पिठी मळावी, आणि तीही त्याच भिजवलेल्या तांदळांची. मी मूठभर नेहमी बाजूला काढून ठेवते. याउलट अनारसा कडक होऊन जाळी पडत नसेल तेव्हा दुधाचे चार थेंब किंवा केळ्याचा लहानसा तुकडा चालतो. चिकीचा गूळ वापरू नये. खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळावे, झाऱ्याने वरून तूप उडवावे, पण अनारसा उलटू नये. अधिक मासात जावयाला 33 अनारसे द्यायचे असतील आणि तो महिना पावसाळ्यात आला असेल, तर तांदूळ पंख्याखाली सुकवावे लागतात, हेही लक्षात असू द्यावे.

चकलीचा सगळा खेळ मोहनाचा आहे. मोहन जास्त झाले की चकली तेलात विरघळते, कमी झाले की दाताला कडक लागते, आणि तरीही लोक तेल अंदाजाने ओतून मोकळे होतात. माझे माप एक वाटी भाजणीला एक मोठा चमचा कडकडीत तेल असे आहे. तरीसुद्धा सगळे पीठ सोऱ्यात भरण्याआधी मी एकच चकली तळून, पूर्ण गार करून, मोडून पाहते; विरघळली तर कोरडी भाजणी मिसळते, कडक झाली तर मोहन वाढवते. गरम चकली सगळ्यांचीच कुरकुरीत लागते, म्हणून ती चाखून काहीच कळत नाही. सोऱ्यातून पडतानाच तुकडे होत असतील तर पाण्याचा हात लावून पीठ पुन्हा मळावे. काटेच उठत नसतील तर पीठ सैल झाले आहे.

दुसऱ्या दिवशी चकली मऊ पडली की सगळे दमट हवेला दोष देतात. खरे कारण मोठी आच असते. वरून रंग चढतो, आत ओल राहते. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत मध्यम आचेवर तळण्याचा धीर ज्याला नाही, त्याने चकली विकत आणावी. तयार भाजणीला माझी हरकत नाही. एअर फ्रायरमधल्या चकलीला आहे.

बेसन गरम असताना पिठीसाखर मिसळली की लाडू वळले तरी थाळीत बसतात. कोमट होऊ द्यावे. चिवड्याचे पातळ पोहे आधी उन्हात टाकावेत, नाहीतर कढईत आकसतात. शंकरपाळे गरम असताना डब्यात भरू नयेत, वाफ धरते.

परदेशी लेकरांना फराळ पाठवणाऱ्यांनी ओल्या नारळाच्या करंज्या पाठवूच नयेत. त्या पोहोचेपर्यंत खवट होतात. सुक्या खोबऱ्याच्या भराव्यात, आणि त्यांच्या फटींत चिवड्याच्या लहान पिशव्या बसवाव्यात, म्हणजे करंज्या हलत नाहीत आणि कडा शाबूत राहतात.