सी प्रोग्राममधली मेमरी गळती: आधी ब्लॉकचा मालक ठरवा

एखादा सी प्रोग्राम मेमरी खातोय असं कळलं की मी लगेच कोड उघडत नाही. आधी तो खरंच गळतोय का, म्हणजे घेतलेली मेमरी परत न देता सोडून देतोय का, ते बघतो. लिनक्सवर प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखाली स्टेटस नावाची फाइल असते. तिच्यातला व्हीएमआरएसएसचा (प्रोसेसने प्रत्यक्ष धरलेल्या रॅमचा) आकडा थोड्या थोड्या वेळाने टिपून ठेवा. आकडा सुरुवातीला चढून एका जागी स्थिरावला, तर काळजी नको. फ्री केलेली जागा जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) दर वेळी ऑपरेटिंग सिस्टीमला परत देत नाही, पुढच्या मॅलॉकसाठी, म्हणजे मेमरीच्या पुढच्या मागणीसाठी, राखून ठेवते. तेच ते काम करूनही आकडा चढतच राहिला, तर मात्र शोध सुरू करायचा.

मग काम छोटं करून घ्या. अख्खा सर्व्हर चालवण्यापेक्षा एकच रिक्वेस्ट शंभर वेळा पाठवणारी टेस्ट लिहा. ही माझी सगळ्यात आवडती युक्ती. गळती शोधणाऱ्या व्हॅलग्राइंड या साधनाच्या अहवालात हरवलेले ब्लॉक (मॅलॉकने घेतलेले मेमरीचे तुकडे) शंभर दिसले तर प्रत्येक रिक्वेस्टमागे एक गळतोय, दोनशे दिसले तर दोन. एकच दिसला, तर तो बहुधा प्रोग्राम सुरू होताना घेतलेला असतो आणि त्याची घाई नसते.

आता प्रोग्राम ‘-जी’ (कोडच्या ओळींची माहिती जपणारा पर्याय) देऊन, ऑप्टिमायझेशन बंद ठेवून कंपाइल करा आणि व्हॅलग्राइंडखाली चालवा. ‘--लीक-चेक=फुल’ हा पर्याय द्यायलाच हवा. नाहीतर नुसती बेरीज मिळते, जागा कळत नाही. प्रोग्राम वीस-तीस पट हळू चालेल, म्हणून तर टेस्ट छोटी हवी.

अहवालातले ‘डेफिनिटली लॉस्ट’ आधी घ्या. त्या ब्लॉककडे नेणारा एकही पॉइंटर (त्याचा पत्ता धरणारं व्हेरिएबल) उरलेला नसतो. ‘इनडायरेक्टली लॉस्ट’ म्हणजे हरवलेल्या ब्लॉकच्या आधारावर असलेले ब्लॉक. झाडाचं मूळ हरवलं की सगळे नोड तिथे दिसतात, मूळ नीट मोकळं केलं की ती यादीही बहुतेक वेळा गळून पडते. ‘पॉसिबली लॉस्ट’मध्ये फक्त ब्लॉकच्या मध्ये कुठेतरी रोखलेला पॉइंटर सापडलेला असतो. ते नंतर बघा.

इथे एक गोष्ट मनात पक्की ठेवा. अहवालातली ओळ ब्लॉक कुठे जन्मला ते सांगते. तो कुठे मरायला हवा होता, हे कुठलंच साधन सांगू शकत नाही, कारण ते कोडमध्ये लिहिलेलंच नसतं. म्हणून मॅलॉकची ओळ सापडली की पॉइंटरचा प्रवास हाताने काढा: कुठल्या फंक्शनने परत दिला, कुठल्या स्ट्रक्टमध्ये जाऊन बसला, शेवटी कुणाच्या हातात राहिला. जो शेवटी धरून बसतो तो मालक, आणि फ्री करणं त्याचं काम. दिसेल तिथे फ्री टाकत सुटलात तर गळती थांबेल, पण एकच ब्लॉक दोनदा फ्री होईल आणि ते गळतीपेक्षा कितीतरी वाईट. ठरलेला मालक हेडर फाइलमध्ये फंक्शनच्या वर एका ओळीत लिहून ठेवा.

माझ्या अनुभवात सर्वाधिक गळती चुकीच्या इनपुटच्या वाटेवर असते. फंक्शन तीन बफर घेतं, तिसरा मिळत नाही, आणि मधूनच रिटर्न होतं. पहिले दोन गेले. उपाय जुना आणि भक्कम आहे: सगळे पॉइंटर सुरुवातीला नल करा, शेवटी क्लीनअप नावाचं एकच लेबल ठेवा, प्रत्येक अपयश गोटूने तिथे न्या. नल पॉइंटर फ्री केला तरी काही बिघडत नाही, त्यामुळे तिथे अटी तपासत बसावं लागत नाही. गोटूला नाक मुरडणाऱ्यांनी लिनक्स कर्नलचा कोड बघावा, तिथे हीच पद्धत जागोजागी आहे.

रीअलॉकचं उत्तर थेट त्याच पॉइंटरमध्ये घेऊ नका. जागा मिळाली नाही तर नल येतो, जुना ब्लॉक तसाच राहतो आणि त्याचा पत्ता पुसला जातो. आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्या. स्ट्रडप आणि गेटलाइन यांनी घेतलेली जागा तुम्हालाच मोकळी करायची असते. गेटलाइन अपयशी ठरलं तरीही. लिंक्ड लिस्ट मोकळी करताना पुढच्या नोडचा पत्ता आधी काढून ठेवा.

व्हॅलग्राइंड फारच हळू पडत असेल तर जीसीसी किंवा क्लँग कंपायलरला ‘-एफसॅनिटाइझ=अ‍ॅड्रेस’ द्या. वेग साधारण निम्म्यावर येतो, आणि लिनक्सवर गळतीची तपासणी त्यातच होते. फक्त तो अहवाल प्रोग्राम नीट संपल्यावरच येतो. सिग्नलने मारलेल्या डीमनकडून (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामकडून) काही मिळणार नाही, म्हणून सिगटर्म (थांबायला सांगणारा सिग्नल) पकडून मेनमधून बाहेर पडा. ही दोन साधनं एकत्र चालवता येत नाहीत.

कधी अहवाल स्वच्छ येतो आणि आकडा तरीही चढतो. तेव्हा बहुधा एखादी कॅश किंवा ग्लोबल यादी फुगत असते. पॉइंटर शाबूत असल्याने ती ‘स्टिल रीचेबल’मध्ये मोडते. तिथे व्हॅलग्राइंडचंच मॅसिफ वापरा, कोणत्या क्षणी कोणत्या ओळीने किती हीप (मॅलॉकने मिळणारी मेमरी) धरली आहे ते दिसतं. इथे नुसता फ्री वाढवून भागत नाही, यादीला मर्यादा घालावी लागते.

दुरुस्तीनंतर तीच शंभर रिक्वेस्टची टेस्ट पुन्हा चालवा, आणि ‘--एरर-एक्झिटकोड=१’ लावून ती रोजच्या बिल्डमध्ये टाका. पुढे कुणाच्या बदलाने डेफिनिटली लॉस्ट ब्लॉक परत आला तर बिल्ड तिथेच अडेल.