चार ट्रॅकच्या कॅसेटवर एग पंक

एग पंक ही पंक रॉकची एक शाखा. तिचा आवाज किरटा, चिरका, सतत घाईत असलेला. 2010 नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या वायव्य कोपऱ्यात द कोनहेड्ससारख्या बँडनी तो घरच्या घरी घडवला. मूळ शोधत गेलं तर 1973 साली ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये सुरू झालेल्या डीवो या बँडपर्यंत पोचतो. पुढे सिडनीच्या जी टीनं आणि बार्सिलोनाच्या प्रिझन अफेअरनं तो उचलला. ऐकायला गबाळा वाटतो, पण वाजवणं काटेकोर लागतं. आवाज इतका पातळ असतो की लयीतली चूक लपायला जागाच नसते.

असं गाणं रेकॉर्ड करायला पिचचं (टेपचा वेग थोडा कमी-जास्त करणारं) बटण असलेला चार ट्रॅकचा, म्हणजे चार आवाज वेगवेगळे टिपणारा, कॅसेट रेकॉर्डर घ्या. टॅस्कॅमचा पोर्टास्टुडिओ 424 उत्तम. कॅसेट टाइप 2, म्हणजे क्रोमची, सी-60. सेकंदाला 9.5 सेंटिमीटर या दुप्पट वेगावर तीत 15 मिनिटं मावतात, आणि गाणं दीड मिनिटाच्या आतलंच असतं. कॅसेट उलटी करून वापरू नका: चारही ट्रॅक टेपची पूर्ण रुंदी घेतात, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं आधीचं सगळं उलटं वाजतं किंवा पुसलं जातं. सुरुवातीला हेड (टेप ज्यावरून सरकते तो भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

ठेका ड्रम मशीनवर, मिनिटाला 200 मात्रा. तो ट्रॅक 1 वर.

गिटारला अ‍ॅम्प नको. ती थेट रेकॉर्डरमध्ये जाते, पण मध्ये एखादा बूस्ट किंवा डिस्टॉर्शन पेडल चालू ठेवा. नाहीतर रेकॉर्डरचं इनपुट गिटारच्या पिकअपवर (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकावर) भार टाकतं, वरचे स्वर गळतात आणि आवाज कोंदट होतो. ब्रिजकडचा पिकअप, ट्रिम (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) जवळपास पूर्ण, फेडर (टेपवर जाणारा आवाज ठरवणारी सरकपट्टी) खाली. फाटायला हवा तो प्रीअ‍ॅम्प, टेप नव्हे. टेपच ओव्हरलोड झाली तर आवाज शेजारच्या ट्रॅकवर झिरपतो. खर्ज पूर्ण काढून टाका. गिटार ट्रॅक 2 वर.

गिटारमध्ये अंगच उरत नाही म्हणून चाल बेसनं उचलायची. पिकनं, वरच्या फ्रेटवर, मात्रेला दोन आघात, न चुकता. बेस ट्रॅक 3 वर.

आता तिन्ही ट्रॅक मिळून 4 वर उतरवा. 3 आणि 4 शेजारी असल्यानं तिथे शिट्टी वाजू शकते. बेसमध्ये वरचे स्वर कमी, म्हणूनच तो 3 वर ठेवायचा. उतरवताना हाय-हॅट (ड्रमची झांज) आणि गिटार हवी त्याहून थोडी तिखट ठेवा, कारण दुसऱ्या पिढीत, म्हणजे उतरवलेल्या प्रतीत, आवाज मंदावतो. तोल इथेच पक्का होतो, नंतर बदलता येत नाही. म्हणून 4 नीट ऐकल्याशिवाय 1, 2, 3 पुसू नका. मग त्या तिघांवर दुसरी गिटार, खेळण्यातला कीबोर्ड आणि गाणं.

खरी गंमत गाण्यात. पिचचं बटण 12 टक्के खाली घ्या, साथ त्याच संथ वेगात ऐकत गा, मग बटण मधोमध आणा. साथ मूळ पट्टीत परतते, गळा मात्र सुमारे दोन अर्धस्वर चढतो. समजा गाणं पांढरी दोनमध्ये आहे, तर गाताना ते पांढरी एकच्या आसपास ऐकू येतं. 200 ची लय तेवढ्यापुरती 176 होते, त्यामुळे तोंडभर शब्दही नीट उच्चारता येतात. बटणाच्या दोन्ही जागांवर पेन्सिलीनं खुणा करा. जरा सरकलं की गळा आणि कीबोर्ड वेगवेगळ्या पट्टीत जातात, आणि ही चूक मिक्समध्ये सुधारत नाही. कीबोर्ड म्हणूनच आधी, बटण मधोमध असताना वाजवून घ्या.

रेकॉर्ड करताना डीबीएक्स (टेपची फुसफुस कमी करणारी सोय) चालू असेल तर मिक्स करतानाही चालूच ठेवा, नाहीतर फुसफुस वाढते आणि आवाज कर्कश होतो. मिक्स संगणकावर किंवा दुसऱ्या डेकवर साध्या वेगात उतरवा; वाटायच्या प्रती त्यावरूनच काढा, कारण चार ट्रॅकची मूळ टेप साध्या डेकवर निम्म्या वेगानं वाजते.