फिश टँकमध्ये समुद्राखालचा गाळाचा लोंढा कसा दाखवायचा

समुद्राच्या तळाशी चिखलाचे लोंढे धावतात हे पोरांना नुसतं सांगून पटत नाही, त्यांना वाटतं खाली सगळं थंडगार गपगार. सायन्स एक्झिबिशनला दरवर्षी तोच व्हिनेगर-सोड्याचा ज्वालामुखी ठेवण्यापेक्षा हे करा, खर्च नाहीच म्हणा ना.

लागतं काय तर दोन-अडीच फुटांची काचेची टाकी, विहिरीचं पाणी, सड्यावरची (गावाजवळच्या उंच कातळी पठारावरची) लाल माती, मूठभर बारीक रेव, गरवायचा तंगूस (मासे धरायचा नायलॉनचा दोरा) आणि मोबाईल. माती वाळवून कुटून चहाच्या गाळणीने चाळा. खाडीचा चिखल घरामागेच असतो म्हणून तोच उचलाल, पण नको, त्यात मीठ असतं, मग पाणी खाली गेलं ते मातीच्या वजनाने की मिठाने हे कळणारच नाही.

टाकीची एक बाजू फळी सरकवून तीनेक इंच वर घ्या, आणि हे पाणी भरायच्या आधी, भरलेली टाकी उचलायला गेलात तर काच तडकली म्हणून समजा. आता तळावर आडवे दोन तंगूस ताणून टेपने चिकटवा, मध्ये एक फूट अंतर. या आपल्या समुद्रतळावरच्या तारेच्या केबल. मग पाणी भरा आणि अर्धा तास हात लावू नका.

मगमध्ये लिटरभर पाण्यात चार-पाच मुठी माती आणि ती रेव कालवा. हे पाणी टाकीतल्याइतकंच गार-गरम हवं, कारण नुसतं गार पाणीसुद्धा तळाला जातं. ढवळत ढवळत उथळ बाजूने काचेला लावून ओता, धार तोडू नका. आणि बघायचं वरून नाही, बाजूने, मागे पांढरा कागद लावून स्लो मोशनमध्ये. लोंढ्याचं डोकं जाड असतं, शेपूट बारीक, डोक्यावरून चिखलाचे भोवरे मागे उलटत जातात आणि वरचं पाणी तसंच नितळ! पलीकडच्या काचेवर आपटून तो परतसुद्धा येतो.

पहिल्या तंगूसापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले ते व्हिडिओत मोजा, अंतर भागिले वेळ, झाला वेग. खऱ्या समुद्रातही असंच कळलं. १८ नोव्हेंबर १९२९ ला कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ भूकंप झाला, तळावरच्या १२ तार-केबल तुटल्या, जवळच्या लगेच, आणि लांबच्या खोल पाण्यातल्या एकामागून एक, शेवटची तर १३ तासांनी. तार कधी बंद पडली त्याची वेळ नोंदलेली होती, त्यावरून हीझेन आणि यूइंग या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये गाळाच्या लोंढ्याचा हिशोब मांडला.

कोणीतरी शहाणा म्हणेलच की ओतलेलं पाणी असंही खालीच जाणार. त्याच्यासाठी दुसऱ्या भांड्यात साध्या पाण्यात खायचा रंग घालून ओतून दाखवा, ते इकडेतिकडे पसरतं, पळत नाही. रंग नाही म्हणून कोकमचं आगळ वापरू नका हां, ते खारवलेलं असतं, सरळ बुडी मारतं.

ज्वालामुखी हवाच असेल तर तेच मिश्रण मधोमध वरून एकदम सोडा, तळावर आदळून दोन्हीकडे फाकतं. पॅसिफिकमधल्या टोंगा या बेटांच्या देशाजवळच्या हुंगा ज्वालामुखीचं १५ जानेवारी २०२२ ला हेच झालं, राखेचा खांब ५० किमीच्या वर गेला, त्यातला माल समुद्रात कोसळला आणि उतारावरून ताशी १२२ किमीपर्यंतच्या वेगाने धावला. केबल तुटल्या, अख्खा देश जगापासून तुटला आणि बाहेरची केबल जोडायला पाचेक आठवडे गेले.

मग पोरं विचारतात, आपल्याकडे होईल का? आपला काळा दगड लाव्ह्याचाच, पण साधारण ६.६ कोटी वर्षं जुना, विझलेला. भारतातला जिवंत ज्वालामुखी अंदमानकडे, बॅरन बेटावर. आपल्याला खरी भीती मकरानची, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याची, १९४५ च्या नोव्हेंबरात तिथल्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. त्सुनामीचा इशारा हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) देतं, पण २०१८ ला इंडोनेशियात अनाक क्राकाटाऊ ज्वालामुखीचा कडा समुद्रात घसरला तेव्हा आधी मोठा भूकंप झालाच नाही, इशाराही आला नाही आणि चारशेवर माणसं गेली. म्हणून समुद्र अचानक आत ओढला गेला तर उघड्या पडलेल्या मासळीमागे धावायचं नाही, मोबाईल बघत बसायचं नाही, सरळ सडा गाठायचा.

टाकी लगेच धुऊ नका, रात्रभर राहू दे. सकाळी काचेतून बघा, खाली रेव, वर बारीक माती, जड आधी बसलं. त्यावर परत एक मग ओतला की पुन्हा रेव आणि पुन्हा माती, म्हणजे जेवढे लोंढे तेवढे थर, समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नळ्यांत जुने लोंढे असेच मोजतात. पाणी काढताना टाकी कलती करू नका, थर विस्कटतात, बारीक नळीने वरचं पाणी ओढून काढा आणि नळीचं तोंड गाळापासून दोन बोटं वर ठेवा.