नेपाळात शिकवायला जाताय? आधी घरखर्चाचं विचारा

स्वयंसेवक शिक्षक म्हणून जाणारे बहुतेक जण वर्गाची तयारी करतात: खेळ, गाणी, रंगीत तक्ते. एवढं ओझं नेऊ नका. खडू-फळ्यावर शिकवता येत असेल तर वर्ग जमतो. खरी कसोटी घरात लागते, आणि मी तिथेच अडकले होते. नेपाळमधल्या गोरखा जिल्ह्यात, एका डोंगराळ गावातल्या सामुदायिक (म्हणजे सरकारी) शाळेत मी इंग्रजी शिकवत होते.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीची सीमा. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. आधारवर विसंबू नका. तिथले महिने सौर आहेत. वैशाख एप्रिलच्या मध्यावर लागतो आणि शाळेचं वर्षही तेव्हाच सुरू होतं, त्यामुळे आपल्या पंचांगावरून तारखा ठरवू नका.

आता पैशांचं. स्वयंसेवक पाठवणारी मधली संस्था तुमच्याकडून जेवण-राहण्याचे पैसे घेते. ते यजमान घरापर्यंत किती पोचतात आणि कधी पोचतात, हे जाण्याआधी लेखी विचारा. मी ज्यांच्यामार्फत गेले त्यांनी माझ्याकडून सगळं आगाऊ घेतलं होतं. मी राहत होते त्या घरच्या आमांना (तिकडे आईला ‘आमा’ म्हणतात) मात्र कित्येक आठवडे काहीच मिळालं नव्हतं. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. माझ्या ताटात रोज डाळ-भात, तरकारी, वर आग्रहानं तूप. गावातल्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीत त्यांच्या नावापुढे तांदूळ आणि तेल वाढत चाललेलं दिसलं, तेव्हा मला कळलं. त्यांचा मुलगा कतारला कामाला होता, त्यानं पाठवलेल्या पैशांतून माझं जेवण निघत होतं. त्या रात्री मला घास गिळवेना.

म्हणून पुन्हा सांगते. महिन्याला घराला किती, कोण देणार, कुठल्या तारखेला, आणि सुट्टीत तुम्ही गावाबाहेर असलात तर त्या दिवसांचं काय, ही चारही उत्तरं हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. आकडा सांगितला की ‘आयसी की एनसी?’ म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी, असं विचारा. भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०, एवढ्यावरूनही मोठे घोळ होतात. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांसमोर घरच्यांना विचारा. एकट्यानं विचारलंत तर पाहुण्याचं मन राखायला ते ‘मिळाले’ असंच म्हणतील. अंघोळीच्या गरम पाण्यालाही लाकूड जळतं आणि ते कुणीतरी पाठीवरून आणलेलं असतं, हेही हिशेबात धरा. संस्थेचा समन्वयक फोनवर कितीही गोड बोलला तरी त्याच्यावर विसंबू नका. त्यापेक्षा निघण्याआधी ओळखीतल्या एखाद्या निवृत्त झेडपी शिक्षिकेजवळ चार संध्याकाळी बसा. एका खोलीत दोन इयत्ता कशा सांभाळायच्या हे त्या शिकवतील, आणि परक्या गावात भाड्याच्या खोलीत कसं राहायचं हेही.

दिवसाची लय अंगवळणी पडायला वेळ लागतो. पहाटे चहा, नऊच्या सुमारास पोटभर डाळ-भात, दहाला शाळा, दुपारी चिउरा (पोहे) किंवा चाउचाउ (नूडल्स) असा खाजा, म्हणजे हलकं खाणं, संध्याकाळी पुन्हा डाळ-भात. सकाळी भात जात नाही म्हणून ताट परत करू नका, आधीच ‘थोडा वाढा’ म्हणा. उष्ट्याचं फार कडक असतं. आपल्या ताटातला चमचा पातेल्यात गेला तर ते अन्न बाद. चुलीजवळ विचारल्याशिवाय जाऊ नका. पाळीच्या दिवसांत अनेक घरांत स्वयंपाकघर बंद असतं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही, पण पाहुणी म्हणून गेलेल्या घरात पहिल्या महिन्यात मी वाद घातला नाही.

मी होते तेव्हा सुट्टी फक्त शनिवारी असायची, रविवारी शाळा भरायची. कपडे धुणं, डोकं धुणं, सगळं शनिवारी धाऱ्यावर, म्हणजे गावच्या सार्वजनिक नळावर. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाचं केंद्र याच जिल्ह्यात, बारपाकजवळ होतं. तो शनिवार होता, दुपारची वेळ, शाळा बंद होत्या, म्हणून असंख्य मुलं वाचली. लोक हे स्वतःहून सांगतात. ऐका, मध्ये प्रश्न विचारू नका. त्याच वर्षी सीमेवरची नाकेबंदी झाली, गॅस मिळेना. गावात त्याचा दोष भारताला देतात आणि तुम्ही भारतीय म्हणून तेही कानावर येईल. देशाची बाजू मांडायला बसू नका.

हिंदी बऱ्याच जणांना कळते, तरी नेपाळी शिका. लिपी तीच, त्यामुळे पाट्या आणि पाठ्यपुस्तकं पहिल्या दिवसापासून वाचता येतात. मोठ्यांना ‘तपाईं’च (आपण) म्हणा. मुलं तुम्हाला ‘मिस’ म्हणतील, शेजारपाजारचे दिदी म्हणतील, आणि ‘भात खानुभयो?’ (जेवलात का?) हे रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारील.

घाबरू नका. पहिले पंधरा दिवस रडू येतं, मलाही आलं. पण तीन आठवड्यांसाठी जाणार असाल तर जाऊच नका. मुलं नावानं हाक मारू लागतात आणि तुम्ही निघता. निदान वैशाखापासून दसैंपर्यंत, म्हणजे तिथल्या दसऱ्यापर्यंत राहा. दसैंच्या सुट्टीत काठमांडू-पोखरा फिरायचा मोह आवरा. विजयादशमीला आमा दही-तांदळाचा लाल टिका कपाळाला लावतात, जमरा (सणासाठी उगवलेले जवाचे कोंब) देतात, सोबत थोडी दक्षिणाही. ती नाकारू नका, त्यांना वाईट वाटतं. घराचे पैसे चुकते झालेत की नाही, याची खात्री मात्र त्याआधीच करून घ्या.